परक्या गावचे वाचनालय

न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे भव्य संगमरवरी भवन २४ मे १९११ रोजी सकाळी नऊ वाजता सामान्य लोकांसाठी उघडले. आदल्या दिवशी मानपानाचा समारंभ उरकला होता. खुद्द अध्यक्ष टॅफ्ट आले होते, भाषणे झाली होती, हारतुरे झाले होते. दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर जी गर्दी लोटली ती तीस हजारांच्या वरच होती. तिच्यात वाचकांपेक्षा बघेच जास्त असणार हे उघड आहे. नवे देऊळ उघडले की पहिल्या दिवशी सगळेच भाविक असतात! पण नऊ वाजून आठ मिनिटांनी एका वाचकाने मागणीची चिठ्ठी दिली आणि नऊ वाजून चौदा मिनिटांनी त्याचे पुस्तक त्याच्या हाती पडले. दहा लाखांहून अधिक पुस्तकांच्या त्या अरण्यातून सहा मिनिटांत नेमके पुस्तक निघाले, याचे तेव्हा मोठे कौतुक झाले. आम्हांला कौतुक वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. ते पुस्तक इंग्रजी नव्हतेच. ते होते रशियन भाषेतले; निकोलाय ग्रोट नावाच्या तत्त्वज्ञाने नीत्शे आणि टॉलस्टॉय यांच्या नीतिविचारांवर लिहिलेले. मागणारा होता डेव्हिड शूब, रशियातून आलेला एक निर्वासित. पुढे १९४८ साली त्याने लिहिलेले लेनिनचे चरित्र प्रसिद्ध झाले.

शहर इंग्रजी बोलणारे, इमारत शहराच्या जमिनीवर शहराच्या खर्चाने उभारलेली, आणि पहिल्याच सकाळी पुस्तक दिले गेले ते परक्या माणसाला, त्याच्या परक्या भाषेत! यात योगायोगाचा भाग थोडाच होता. त्या काळी न्यूयॉर्कच्या बंदरात माणसांचा पूर लोटत होता. १९०७ या एका वर्षात अमेरिकेत १२,८५,३४९ लोक नव्याने उतरले. इटलीतले शेतमजूर, रशियातील छळाला कंटाळलेले ज्यू, पोल, हंगेरियन, ग्रीक. बोटीच्या तळाशी दाटीवाटीने बसून आलेल्या या लोकांजवळ एखादे गाठोडे, दोन उशा, एखादी पितळेची मेणबत्तीदाणी यांपलीकडे फारसे काही नसे. भाषा येत नाही, पैसा नाही, ओळखदेख नाही. अशा माणसाला त्या देशातल्या किती दारांतून मुकाट्याने आत जाता येई? पोलीसचौकी, दवाखाना, कारखाना येथे जाता येई. पण तेथे कोणीतरी आधी विचारी, तू कोण, कुठला, कशासाठी आलास? वाचनालयाच्या दारात मात्र प्रश्न एवढाच असे की, तुम्हांला काय वाचायचे आहे?

आपल्याकडे वाचनालय म्हटले की वर्गणी आली, अनामत आली, आणि बहुधा भिंतीवर देणगीदारांची नावे आली. कराच्या पैशातून चालणारे, कोणासही फुकट पुस्तक घरी नेऊ देणारे वाचनालय ही कल्पना तिकडेही फार जुनी नव्हे. मोठ्या शहरांत तिचा पाया घातला बॉस्टनने. १८४८ साली कायद्याने परवानगी मिळाली आणि १८५४ साली तेथील सार्वजनिक ग्रंथालय उघडले. त्याला पन्नास हजार डॉलर देणारा जॉशुआ बेट्स हा लंडनचा बडा सावकार असला, तरी मुळात तो अमेरिकेतल्या बेताच्या परिस्थितीतला मुलगा. पुस्तके विकत घेण्याची ऐपत नसल्याने एके काळी तो पुस्तकांच्या दुकानात उभ्याउभ्या वाचीत असे. ते तो विसरला नव्हता.

पण ज्याच्या नावाने अशी वाचनालये जगभर झाली तो अँड्र्यू कार्नेगी स्वतःच नवखा होता. स्कॉटलंडमधील डनफर्मलिन गावच्या एका विणकराचा हा मुलगा. यंत्रमागांनी बापाचा धंदा बुडाला म्हणून १८४८ साली हे कुटुंब अमेरिकेत पिट्सबर्गच्या शेजारी अ‍ॅलेघेनी या गावी आले. अँड्र्यू तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. कापडाच्या गिरणीत आठवड्याला एक डॉलर वीस सेंट मजुरीवर तो लागला आणि पुढे तारऑफिसात गेला. गावात कर्नल जेम्स अँडरसन नावाचे एक गृहस्थ दर शनिवारी आपली चारएकशे पुस्तके कामकरी मुलांसाठी खुली करीत. अँड्र्यूला जणू खजिनाच सापडला. काही काळाने त्या संग्रहाचे रीतसर वाचनालय झाले आणि नव्या व्यवस्थापकांनी नियम काढला : हाताने कष्टाचे काम करणाऱ्या उमेदवार मुलांना पुस्तके फुकट, तारऑफिसातल्या पोरांनी वर्षाला दोन डॉलर भरावेत! सतरा वर्षांच्या या पोराने १८५३ साली सरळ वर्तमानपत्राला पत्र लिहिले आणि खाली सही केली, ‘एक कामकरी मुलगा’. व्यवस्थापकांनी उत्तर दिले, याने पुन्हा पत्र लिहिले. अखेर नियम बदलला आणि पुस्तके फुकट मिळू लागली. ते दोन डॉलर कार्नेगीने जन्मभर लक्षात ठेवले. पुढे पोलादाच्या धंद्यात अगणित पैसा मिळाल्यावर त्याने जगभर अडीच हजारांहून अधिक वाचनालये बांधून दिली. त्यांतील सोळाशेंहून अधिक एकट्या अमेरिकेत.

त्याची अट सरळ होती. इमारत मी देतो. जागा गावाने द्यावी, आणि दिलेल्या रकमेच्या दहावा हिस्सा दर वर्षी करातून खर्चासाठी काढावा. म्हणजे वाचनालय हे धर्मादाय अन्नछत्र न राहता गावाच्या हक्काचे होई. न्यूयॉर्कला त्याने १९०१ साली बावन्न लाख डॉलर देऊ केले आणि त्यातून गल्लोगल्ली साठांहून अधिक शाखा उभ्या राहिल्या. कार्नेगीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे चरित्र शाळेच्या क्रमिक पुस्तकातले वाटायचे. होमस्टेड येथील त्याच्या कारखान्यात १८९२ साली संप झाला, गोळ्या चालल्या, माणसे मेली, आणि मजुरांची संघटना मोडून काढण्यात आली. त्याच गावात १८९८ साली त्याने उत्तम वाचनालय बांधले. बारा बारा तास भट्टीपुढे उभा राहणारा मजूर घरी जाऊन पुस्तक केव्हा उघडणार, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता आणि तो चुकीचा नव्हता. त्या मजुरांत परदेशांतून आलेलेच पुष्कळ होते.

न्यूयॉर्कच्या पूर्वेकडील खालच्या भागात, जिथे चाळींची दाटी आपल्या गिरगाव-परळालाही मागे टाकील अशी होती, तेथली वाचनालये पाहण्यासारखी होती. एका खोलीत आईबाप, चारपाच मुले, वर एखादा भाडेकरू, आणि खिडकीशी शिवणयंत्र. मुलाने अभ्यास कुठे करायचा? हिवाळ्यात वाचनालयात ऊब असे, दिवा असे, बसायला स्वतंत्र खुर्ची असे. उन्हाळ्यात त्या चाळींत जीव गुदमरे म्हणून रिव्हिंग्टन स्ट्रीटच्या शाखेने १९०५ साली चक्क गच्चीवर वाचनाची जागा केली. १९०९ साली उघडलेल्या सेवर्ड पार्क शाखेलाही तशीच गच्ची होती. तेथे मुलांच्या रांगा रस्त्यापर्यंत जात. दारात बाई हात तपासायच्या. मळके असले तर धुऊन यायचे, मगच पुस्तक. नाव नोंदवताना मुलाने पुस्तके नीट सांभाळण्याचे आणि नियम पाळण्याचे वचन वहीत लिहून सही करायची. सातआठ वर्षांच्या पोराला आपल्या सहीला किंमत आहे हे बहुधा तिथेच प्रथम कळत असेल! मुलांच्या विभागाची प्रमुख अ‍ॅन कॅरोल मूर ही बाई १९०६ पासून तेथे होती. शिस्तीला कडक, पण परभाषांतील पुस्तकेही मुलांच्या कपाटात आली पाहिजेत असा तिचा आग्रह होता. ही मुले घरी जाताना स्वतःसाठी इंग्रजी आणि आजोबांसाठी यिद्दिश पुस्तक घेऊन जात. यिद्दिश म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची घरगुती बोली. घरात दुभाषाचे काम करणारे हे बाळ वाचनालयातही दुभाषाच होते.

अशाच एका मुलीची हकीकत तिने स्वतः लिहून ठेवली आहे. मेरी अँटिन हे तिचे नाव. रशियाच्या साम्राज्यातील पोलोत्स्क गावातून १८९४ साली ती बॉस्टनला आली तेव्हा तेरा वर्षांची होती आणि तिला इंग्रजीचा गंध नव्हता. पुढच्याच वर्षी कॉप्ली चौकात बॉस्टनच्या ग्रंथालयाची नवी इमारत उघडली. तिच्या दरवाजावर ‘सर्वांस मुक्त’ अशा अर्थाची अक्षरे कोरलेली आहेत. गलिच्छ वस्तीतल्या कोंदट खोलीतून निघून ही मुलगी त्या राजवाड्याच्या जिन्यावरून वर जाई, बेट्सच्या नावाच्या त्या प्रचंड दालनात बसे, आणि हे सारे माझेही आहे या विचाराने तिला भरून येई. १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या आत्मचरित्राची तेव्हा अमेरिकेत लयलूट खप झाली. ते वाचून अमेरिकन वाचक सुखावला, यात नवल नाही. घरच्या दिवाणखान्याची पाहुण्याने स्तुती केली की कोणाला आवडत नाही?

परंतु त्याच पुस्तकात एक गोष्ट आहे, जिच्यावर आम्हांला जास्त वेळ थांबावेसे वाटते. मेरीला एक थोरली बहीण होती. बापाने मेरीला शाळेत घातले आणि थोरलीला शिवणकामाला लावले, कारण दोघींना शिकवण्याइतका पैसा घरात नव्हता. ग्रंथालय दोघींनाही सारखेच मुक्त होते. दाराला कुलूप नव्हते, वर्गणी नव्हती. पण दिवसभर सुई चालवून आलेल्या पोरीला त्या जिन्यापर्यंत पोचायला जे लागते ते तिच्यापाशी उरत नव्हते. मेरीने हे लपवले नाही, आणि बहिणीविषयी लिहिताना तिच्या लेखणीतला उत्साह ओसरतो. आपल्याकडील कितीतरी घरांत एका भावाच्या शिक्षणामागे अशी एखादी बहीण उभी असते. फक्त तिची हकीकत कोणी छापत नाही.

आता भांडणाकडे वळू. कारण भांडण झालेच. परक्याला आत घ्यावे यावर बहुतेक ग्रंथपालांचे एकमत होते. पण आत आल्यावर त्याने वाचावे काय? पुष्कळांचे म्हणणे असे की, वाचनालय ही नव्या नागरिकाची टाकसाळ आहे. इटालियन आत घालावा आणि अमेरिकन बाहेर काढावा! त्याला त्याच्या भाषेची पुस्तके द्यायची तर ती केवळ आमिष म्हणून. जॉन फॉस्टर कार या गृहस्थाने १९१० साली इटालियन लोकांसाठी त्यांच्याच भाषेत अमेरिकेची एक मार्गदर्शिका काढली. नोकरी कशी शोधावी, कायदे काय आहेत, नागरिक कसे व्हावे, अशी मोठी उपयुक्त माहिती तिच्यात होती. पुढे ती यिद्दिश व पोलिश भाषांतही निघाली. माणूस प्रामाणिक आणि कळकळीचा होता, पण त्याच्या लेखी मातृभाषा ही नदी ओलांडण्यापुरती होडी. पलीकडे गेले की सोडून द्यायची.

दुसऱ्या पक्षाची माणसे थोडी, पण चिवट. न्यू जर्सीतील पसेइक या गिरण्यांच्या गावी जेन मॉड कॅम्पबेल ही ग्रंथपाल होती. गावात परदेशांतून आलेल्यांचीच वस्ती मोठी. तिने त्यांच्या भाषांतली पुस्तके आणायला सुरुवात केली आणि टीकाकारांना साधा व्यवहार ऐकवला : हे लोकही कर भरतात, वाचनालय त्यांच्याही पैशावर चालते. हा युक्तिवाद भावनेचा नव्हता, म्हणूनच तो खोडायला अवघड होता. १९१३ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने याच कामासाठी तिला बोलावून नेले. सेवर्ड पार्कची ग्रंथपाल अर्नेस्टाइन रोझ हिने १९१७ साली एक छोटे पुस्तक लिहून सांगितले की, नवागताला बदलायचे असेल तर आधी त्याच्या घरची संस्कृती आपण समजून घेतली पाहिजे. त्या वर्षी असे लिहायला धैर्यच लागत होते.

कारण १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली आणि हवा पालटली. अनेक गावांत जर्मन पुस्तके कपाटांतून काढून टाकली गेली. कालपर्यंत ज्या भाषेतील शास्त्रग्रंथ मोठ्या अभिमानाने मांडले होते ती एका रात्रीत शत्रूची भाषा झाली! त्याच वर्षी नवा कायदा आला. सोळा वर्षांवरील नवागताला कोणत्याही एका भाषेतील तीस-चाळीस शब्द वाचता आले पाहिजेत, नाहीतर देशात प्रवेश नाही. वाचनावर ज्यांची श्रद्धा त्या देशाने वाचनाचेच कुंपण करावे, ही मोठी चमत्कारिक गोष्ट. त्याच कायद्याने आशियाचा मोठा पट्टा बंद केला आणि त्यात आपला हिंदुस्थानही आला. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस नागरिक होऊ शकत नाही असा निकाल दिला, आणि हे दार १९४६ पर्यंत मिटलेलेच राहिले. १९२४ च्या कायद्याने पूर्व व दक्षिण युरोपातील लोंढाही थोपवला.

कपाटांचे भांडण मात्र कायद्याने मिटत नसते. अर्नेस्टाइन रोझ १९२० साली हार्लेममधील १३५ व्या रस्त्यावरच्या शाखेत गेली. तेथे निग्रो वस्ती वाढत होती आणि पोर्तो रिको बेटातील लोकही येऊन राहू लागले होते. तिने १९२१ साली पुरा बेलप्रे नावाच्या एका तरुणीला कामावर घेतले. ही मुलगी आदल्या वर्षी बहिणीच्या लग्नासाठी म्हणून न्यूयॉर्कला आली होती, ती तिथेच राहिली. पोर्तो रिकोचे लोक कायद्याने १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक; पण भाषा स्पॅनिश आणि शहर परके, म्हणजे नवखेपणा काही चुकला नव्हता. मुलांच्या विभागात कपाटे न्याहाळताना तिच्या लक्षात आले की, येथे देशोदेशींच्या लोककथा आहेत, पण आपल्या बेटाची एकही नाही. दुसरी कोणी असती तर मागणीपत्र लिहून गप्प बसली असती. हिने आजीकडून ऐकलेली गोष्ट मुलांना सांगायला आरंभ केला.

गोष्ट होती मार्टिना नावाच्या नखरेल झुरळीणबाईची आणि पेरेझ उंदराची. तिला मागणी घालायला एकेक प्राणी येतो, ती प्रत्येकाला नकार देते, आणि अखेर पेरेझचा गोड आवाज तिला पसंत पडतो. आपल्या चिऊकाऊच्या गोत्रातलीच म्हणायची. वाचनालयाचा नियम असा की, गोष्टीच्या तासाला छापील पुस्तकातलीच गोष्ट सांगायची. बेलप्रेच्या गोष्टीला पुस्तकच नव्हते. तरी तिला सवलत मिळाली, आणि मुले आली. मुलांच्या मागोमाग आया आल्या. पुढे ११५ व्या रस्त्यावरच्या शाखेत तिने कळसूत्री बाहुल्यांचा खेळ उभा केला, सहा जानेवारीला तीन राजांचा सण साजरा केला. ज्या बायकांनी कधी वाचनालयाची पायरी चढली नव्हती त्या सणाच्या निमित्ताने चढल्या. १९३२ साली ती गोष्ट पुस्तकरूपाने छापली गेली. म्हणजे जे पुस्तक कपाटात नव्हते ते वाचकानेच लिहून कपाटात ठेवले! आज तिच्या नावाने मुलांच्या उत्तम पुस्तकांना पदक देण्यात येते. ते १९९६ पासून चालू आहे. त्याच १३५ व्या रस्त्यावरच्या शाखेसाठी १९२६ साली दहा हजार डॉलरला जो निग्रो इतिहासाचा थोर संग्रह घेतला, तो जमवणारे आर्तुरो शोंबर्ग हेही पोर्तो रिकोहून १८९१ साली आलेले. पुढे तेच त्या संग्रहाचे प्रमुख झाले.

परका म्हणून आत आलेला माणूस शेवटी किल्ल्या हाती घेऊन बसतो, हा प्रकार अमेरिकेतच घडला असे नाही. याहून नाट्यमय उदाहरण लंडनचे आहे. अंतोनियो पानित्सी हा इटलीतील मोदेना या चिमुकल्या संस्थानातला वकील. गुप्त क्रांतिकारी मंडळाशी संबंध म्हणून १८२२ साली त्याला पळून जावे लागले. मागे खटला चालला, फाशीची शिक्षा झाली, आणि माणूस हाती न सापडल्याने पुतळ्याला फाशी देण्यात आली. इथपर्यंत ठीक, पण संस्थानच्या खजिन्याने त्या फाशीच्या खर्चाचे बिल त्याच्याचकडे पाठवले! पानित्सी १८२३ साली लंडनला पोचला तेव्हा खिशात दमडी नव्हती. इटालियनच्या शिकवण्या करून पोट भरता भरता तो १८३१ साली ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात नोकरीला लागला आणि १८५६ साली सगळ्या संस्थेचा प्रमुख झाला. पार्लमेंटच्या समितीपुढे १८३६ सालीच त्याने सांगून टाकले होते की, ज्ञानाच्या बाबतीत गरिबातल्या गरीब विद्यार्थ्याला देशातल्या धनाढ्य माणसाइतकीच साधने मिळाली पाहिजेत आणि ती देणे सरकारचे काम आहे. परदेशी मनुष्याला एवढ्या मानाच्या जागी नेमले म्हणून लंडनच्या वर्तमानपत्रांनी पुष्कळ थयथयाट केला. त्याने उत्तर दिले ते घुमटाखालच्या त्या गोल वाचनदालनाने. ते १८५७ साली उघडले. त्याचा पहिला कच्चा आराखडा त्याच्याच हातचा होता.

तेथे घरी न्यायला पुस्तके मिळत नसत, आणि प्रवेशपत्रासाठी कोणा प्रतिष्ठिताची शिफारस लागे; पण फी नव्हती. १८४९ साली लंडनला आलेल्या कार्ल मार्क्सने १८५० पासून तेथे बैठक मारली होती. १९०२ साली लेनिन आला तो जेकब रिश्टर असे खोटे नाव सांगून. देशोधडीला लागलेल्यांच्या या पंगतीत राजद्रोही, कवी, विद्यार्थी सारेच होते. ज्यांना शिफारस मिळण्याची सोय नव्हती त्यांच्यासाठी पूर्व लंडनमध्ये १८९२ साली व्हाइटचॅपलचे वाचनालय झाले. ज्यू वस्तीच्या मधोमध असलेल्या या इमारतीला लोक त्या वस्तीचे विद्यापीठ म्हणू लागले. पोलंडमध्ये जन्मलेला आणि १९२० साली लंडनला आलेला बारा वर्षांचा जेकब ब्रोनोव्स्की, जो पुढे नामांकित शास्त्रज्ञ व लेखक झाला, त्याने इंग्रजी वाचन तेथेच केले. ज्यू उपनगरांत पांगले तेव्हा त्यांच्या जागी बंगाली आले, आणि कपाटांत यिद्दिशच्या जागी बंगाली पुस्तके आली. २००५ साली ते वाचनालय बंद झाले व त्याची इमारत शेजारच्या चित्रदालनात सामील झाली. पुस्तके जवळच्या नव्या इमारतीत गेली.

आपल्यातलेही एक नाव येथे घेतले पाहिजे. व्ही. के. कृष्ण मेनन १९२४ साली विद्यार्थी म्हणून लंडनला गेले. भारताचे संरक्षणमंत्री म्हणून ते आपल्याला ठाऊक. पण १९३४ साली ते लंडनच्या सेंट पँक्रस विभागाच्या नगरसभेवर निवडून आले आणि तेथील ग्रंथालय समितीचे अध्यक्ष झाले, हे थोड्यांनाच ठाऊक असते. इंग्रजांच्या पोरांनी काय वाचावे याची सोय हा मलबारी गृहस्थ पाहत होता! १९३७ साली निघालेल्या स्वस्त पेलिकन पुस्तकमालेच्या पहिल्या संपादकांतही ते होते. त्या विभागाने १९५५ साली त्यांना मानाचे नागरिकत्व दिले.

आता बडोद्याकडे येऊ. कारण न्यूयॉर्क, लंडन आणि महाराष्ट्र यांना जोडणारा धागा तेथून गेला आहे. सयाजीराव महाराज १९०६ साली अमेरिकेत जाऊन आले. तेथील फुकट वाचनालये पाहून त्यांच्या मनाने घेतले की, सक्तीचे शिक्षण नुकतेच सुरू केलेल्या आपल्या राज्यात मुलांना पुढे वाचायलाही काही दिले पाहिजे. १९१० साली त्यांनी विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणले. येथे नवखा तोच होता. भाषा परकी, ऊन परके, कारभाराच्या चालीरीती परक्या. महाराजांनी आपल्या राजवाड्यातील ग्रंथ दिले. त्यांतून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग निघाला, स्त्रियांसाठी व मुलांसाठी स्वतंत्र वाचनालये झाली, आणि पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्यासारखा मराठी माणूस या कामात पुढे आला आणि बोर्डन परत गेल्यावर त्यानेच ते सांभाळले. बोर्डन गेला १९१३ साली.

त्याच १९१३ च्या जुलैत बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरले. कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात ते तासन् तास बसत, आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून फिरून त्यांनी दोनएक हजार पुस्तके जमवली. ज्या मुलाला शाळेत वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे आपले गोणपाट घेऊन बसावे लागले होते, त्याच्यापुढे तेथील नोकर मागेल तो ग्रंथ आणून ठेवी. अमेरिकेतही काळ्या माणसाला अनेक ठिकाणी हे सुख नव्हते, हे विसरता कामा नये. दक्षिणेकडील राज्यांत कितीतरी वाचनालयांची दारे त्याला बंद होती. पण न्यूयॉर्कच्या त्या मेजाशी त्यांची जात कोणी विचारली नाही.

शिष्यवृत्तीच्या करारानुसार १९१७ च्या सप्टेंबरात ते नोकरीसाठी बडोद्यास आले. कचेरीत शिपाई कागद लांबून टाकीत. प्यायला पाणी मिळत नसे. राहायला जागा मिळेना म्हणून ते नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत राहिले. थोड्याच दिवसांत हे उघडकीस आले आणि काठ्या घेतलेली माणसे दारात उभी राहिली. एका हिंदू मित्राकडे विचारले, एका ख्रिस्ती मित्राकडे विचारले. दोघांनीही घरात घेण्यास असमर्थता दाखवली. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचे पाच तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. बडोद्याच्या पुस्तकपेट्या त्या वेळी गावोगाव हिंडत होत्या.

पुढे त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसा साठवला, शाहू महाराजांनी हातभार लावला, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. म्युझियमचे वाचनदालन उघडण्याच्या वेळी ते दारात हजर असत. बंद होण्याची घंटा वाजली की पहारेकऱ्याला त्यांना उठवावे लागे.